पंचविसाव्या घरातलं शून्य

आमच्या बाबांना दोन गोष्टी मनापासून खपत नाहीत: कढीत घातलेली साखर आणि त्यांच्या यादीत दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती. साखर आईनं लग्न झाल्यावर वर्षभरात बंद केली. दुरुस्तीपर्यंत मात्र कुणाची मजल गेली नव्हती. ती हिंमत मी केली, आणि तीही एक्सेलमध्ये.

माणगावच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की भातशेतांच्या कडेला आमचं गाव लागतं. घरं मोजून अठ्ठावीस. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, उरलेल्यांतले निम्मे आसपासच्या कारखान्यांत. पण माघात सप्ता बसला की सगळे कुठून कुठून येतात. सात दिवस, सात रात्री देवळात भजन थांबायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पायाला हात लावायचा, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. दर दोन तासांनी पहारा बदलतो आणि प्रत्येक पहारा एका घराचा असतो. वीणा खाली टेकली तर सप्ता मोडला, असं आमच्याकडे मानतात. माझ्या जन्मापासून तो मोडलेला नाही, आणि गाव त्याचं श्रेय निम्मं विठ्ठलाला आणि निम्मं बाबांच्या यादीला देतं.

ती यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर व्हायची. हिरव्या शाईत घरं, निळ्या शाईत वेळा, आणि लाल पेन फक्त बाबांच्या खिशात. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे, अठ्ठावीस घरं, म्हणजे घरटी तीन. बाबा कारखान्यात स्टोअरकीपर होते, त्यामुळे वाटणीचं डोकं होतंच. त्यांनी क्रम असा बसवला होता की कुठल्याही घराला तिन्ही पहारे रात्रीचे येणार नाहीत. सातही दिवस ते देवळात डावीकडच्या खांबाला टेकून, मांडीवर यादी घेऊन बसत. पहारा बदलायला पाच मिनिटं असली की चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, “पिंपळाखालचं घर, उठा.” आणि पिंपळाखालचं घर उठायचं.

मग बाबांचा हात कापायला लागला. त्यांनी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. यंदा सप्त्याच्या आठ दिवस आधी मी माहेरी आले तेव्हा चुलीशेजारी कॅलेंडरचे तीन फाडलेले महिने पडले होते. मागं बाबांचं अक्षर होतं, पण ओळी उतरणीला लागलेल्या. मंडळाचा चिटणीस माझा धाकटा चुलतभाऊ. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंही होतं की म्हाताऱ्याला आता कशाला त्रास, यादी तूच कर. ते बाबांच्याही कानावर आलं होतं. यादी गेली तर देवळातला तो खांबही गेला, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही, काहीतरी करायला जाते, हा माझा जुना दोष आहे.

“बाय, तू लिव. मी सांगतो,” बाबा म्हणाले.

ते सांगत होते तसं मी निमूटपणे पेनानं लिहायला हवं होतं. पण मी उरणची सून आणि न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात बसणारी बाई. कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, हे दिवसभर शीटमध्ये बघते. पेन फक्त मस्टरवर सही करायला उचलते. मी लॅपटॉप उघडला.

बाबांना मी समजावलं. हे पहिलं पान, याचं नाव ‘घरं’. एकाखाली एक अठ्ठावीस नावं. हे दुसरं पान ‘पहारे’, तिसरं ‘चहा’, चौथं ‘पंगत’, पाचवं ‘झाडलोट’. कारण सप्त्यात नुसता पहारा नसतो. पहाटेचा चहा कुणी करायचा, पंगतीत कुणी वाढायचं, देऊळ कुणी झाडायचं, सगळ्यालाच घरं लागतात.

“मग नावं पाच वेळा लिवायची?”

“नाही ना! तीच तर गंमत.” मी पहाऱ्याच्या पानावर एका चौकोनात बरोबरचं चिन्ह टाकलं, ‘घरं’च्या पानावर जाऊन पहिल्या नावावर टिचकी मारली आणि एंटर दाबलं. नाव पहाऱ्यात येऊन बसलं. “आता हा चौकोन स्वतःचं काही बोलत नाही. तो फक्त तिकडं बघतो. तिकडं जे दिसेल ते इकडं दाखवतो.”

बाबांनी खात्री करून घेतली. ‘घरं’मध्ये पहिल्या घराच्या जागी त्यांनी एका बोटानं, बराच वेळ शोधून, आमच्या म्हशीचं नाव लिहिलं. पहाऱ्यात म्हैस आली. चहाला म्हैस. पंगतीत वाढायलाही म्हैस. आई हसून हसून भिंतीला टेकली.

“म्हंजे,” बाबा सावकाश म्हणाले, “एकानं तोंड वाकडं केलं की बाकी चौघांचं आपोआप वाकडं.”

“सरळ केलं की चौघांचं सरळही होतं,” मी म्हटलं. तेव्हा मला माझंच उत्तर फार आवडलं होतं.

चार दिवस यादी तुपासारखी चालली. चुलतभाऊ रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पहाऱ्यांचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा. लोक घरबसल्या बघून वेळेवर यायचे. मुंबईहून फोन आले, यादी कुणी केली म्हणून. मी फुगले. आणि चौथ्या दिवशी दुपारी, बाबा खांबाला टेकून डुलक्या घेत होते तेव्हा, मी सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, आता इथं बसून राहायची गरज नाही तुम्हाला. यादी सगळ्यांच्या फोनवर आहे. घरी जा, जेवा आणि मस्त पडा.”

मी प्रेमानं म्हणाले होते. बाबांनी मांडीवरची रिकामी वही बंद केली, चपला घातल्या आणि गेले. तो खांब तसा रिकामा मी पहिल्यांदाच पाहिला. क्षणभर चुकल्यासारखं झालं, पण तेवढ्यात कुणीतरी शीटचं कौतुक केलं आणि मी विसरले. हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

त्याच संध्याकाळी बातमी आली. गावाच्या टोकाच्या घरातली सून माणगावच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं, फुलं, पेढे, सगळं पडलं. ते घर आमच्या यादीतलं पंचविसावं. त्या आडनावाचं गावात तेवढं एकच, त्यामुळे सोयर पडलं ते त्या एकाच घराला. मूल झालं की दहा दिवस त्या घरानं देवाधर्माचं काही करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी बाळाचा फोटो बघत बसले आणि यादी माझ्या डोक्यातही आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चहा झाला नाही. लोकांनी दूधवाल्याला शिव्या दिल्या. दूधवाला म्हणाला, दूध तर ओट्यावर ठेवलेलं हाय. मग कुणीतरी चहा केला आणि विषय संपला. मला तेव्हाही शंका आली नाही. आपण केलेल्या कामावर शंका घ्यायला मुळात थोडी अक्कल लागते.

दुपारी मी देवळामागं बायकांबरोबर वाल सोलत होते. भिजून मोड आलेले वाल बोटात दाबायचे, साल इकडं, दाणा तिकडं. संध्याकाळी अख्ख्या गावाला बिरडं होतं, म्हणजे हे काम दिवसभर पुरणारं. सव्वादोनला फोन वाजला. चुलतभाऊ माणगावहून बोलत होता. गावातली धडधाकट पुरुषमंडळी टेम्पो घेऊन कीर्तनाच्या मांडवाचं सामान आणायला तिकडं गेली होती.

“ताई, शून्य कोण हाय?”

“काय?”

“दोन ते चारच्या पहाऱ्याला शून्य लिवलंय. देवळातून डंपरवाल्या काकांचा फोन आलाय. बारापासून त्येच उभे हायत. म्हणतात, शून्याला पाठवा लवकर.”

मी ओल्या हातानंच फोनवर फाइल उघडली. पहाऱ्यात दोन ते चार: ०. चहाच्या पानावर आजच्या सकाळी: ०. उद्याच्या पंगतीत वाढायला ०, परवा देऊळ झाडायला ०. ‘घरं’च्या पानावर गेले. चोविसावं घर होतं, सव्विसावं होतं, आणि मधला चौकोन कोरा करकरीत.

“पंचविसाव्या घराचं नाव तू पुसलंस?”

“मंग? सोयर पडलं ना त्यांच्यात,” तो अगदी निष्पापपणे म्हणाला. “देवाच्या यादीत सोयराचं नाव कसं ठेवायचं? फोटो टाकायच्या आधीच पुसलं मी. चुकलं काय?”

धर्माच्या बाजूनं त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं. त्या चौकोनांना मी फक्त तिकडं बघायला शिकवलं होतं. तिकडं कुणीच नसेल तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं. तिकडं काही नाही म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे शून्य दाखवलं. आणि आदल्या संध्याकाळपासून अख्ख्या गावानं ते शून्य पाहिलं होतं. मागाहून कळलं की कुणाला वाटलं जेवणाची सुट्टी असेल, कुणाला वाटलं मंडळानं कुणी बाहेरचा बुवा बोलावला असेल. एका आजोबांनी तर घरात सांगितलं होतं की त्या वेळेला देव स्वतःच वीणा घेणार आहे, नवीन पद्धत आहे. विचारलं कुणीच नाही. शिकलेल्या पोरीनं केलंय म्हटल्यावर बरोबरच असणार.

मी देवळात धावले. आत डंपर चालवणारे काका गळ्यात वीणा घेऊन उभे होते. माणूस दांडगा, आवाज तर त्याहून. पण त्या वेळी आवाज अगदी बारीक झाला होता आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. समोर माझी काकू आणि आणखी तीन बायका टाळ घेऊन भजन म्हणत होत्या.

“राम कृष्ण हरी,” काका चालीतच म्हणाले, “बाये, राम कृष्ण हरी, पहाऱ्याला यायच्या आधी दोन तांबे ताक प्यालोय मी, राम कृष्ण हरी, कुणाला तरी बोलव.”

बायकांनी टाळ तोंडासमोर धरले. हसू आलं होतं, पण देवासमोर.

मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आईचा फोन तर देवळामागं वालाच्या टोपलीशेजारीच वाजला. सव्विसावं घर विहिरीजवळचं, त्यांची पाळी चारला. त्यांचा कर्ता पुरुष टेम्पोत. उरलेली दोन म्हातारी माणसं, त्यांना उभं राहवत नाही. मी काकूकडं बघितलं. काकूनं टाळाकडं बघितलं.

बायकांनी वीणा घ्यायची नाही, असा नियम आमच्या गावात कुणी केलेला नव्हता. पण घेतलेली कुणी पाहिलीही नव्हती. यादीत घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव असायचं, आणि वीणा त्याच्या गळ्यात जायची. आणि माझं तर नावच कुठं नव्हतं. लग्न होऊन उरणला गेले त्या दिवसापासून या गावात माझं घर नाही. जे आहे ते माहेर. नवऱ्याच्या गळ्यात दोन पोरं घालून पंधरा दिवस इथं आलेली पाहुणी मी.

काका आता दोन्ही पाय जुळवून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते, पण भक्तीनं नव्हे. अजून पाच मिनिटांत एकतर वीणा खाली टेकणार होती, नाहीतर देवळात दुसरंच काहीतरी घडणार होतं. इतकी वर्षं बाबांनी सांभाळलेलं माझ्या एका बरोबरच्या चिन्हानं मोडणार होतं.

मी नळावर हात धुतले, पदर खोचला आणि समोर जाऊन उभी राहिले.

“तुला येल?” काकूनं विचारलं.

“एकच तार छेडायची आहे, काकू.”

मी काकांच्या पाया पडले. त्यांनाही माझ्या पायाला हात लावायचा होता, पण त्या अवस्थेत वाकणं त्यांना शक्य नव्हतं. “मनानं पडलो बघ,” असं म्हणून त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि तो एवढा मोठा माणूस ज्या वेगानं देवळाबाहेर गेला तो वेग मी त्यांच्या डंपरचाही पाहिलेला नाही.

वीणा वाटते त्यापेक्षा जड असते. पट्टा मानेला काचतो. पहिली दहा मिनिटं मी घाबरूनच तार छेडत होते. मग काकूनं चाल उचलली, बाकीच्यांनी धरली, आणि माझा हात आपोआप चालायला लागला. लहानपणी बाबांच्या मांडीशी बसून हेच भजन ऐकत झोपायचे. मला रडू आलं. वीणा हातात असताना डोळे पुसता येत नाहीत, हे तेव्हा कळलं.

साडेतीनला बाबा आले. केस विस्कटलेले, सदऱ्याची बटणं वरखाली, हातात कॅलेंडरचा कागद. दारातच थबकले. माझ्याकडं बघितलं, वीणेकडं बघितलं. मग जवळ येऊन त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

त्यांनी आपली यादी केली होतीच. फोटोबरोबर ताडून बघायला रोज लपून लिहीत होते. उतरणीला लागलेलं अक्षर, पण पाचव्या दिवसाला दोन ते चारसमोर पंचविसाव्या घरावर लाल रेघ आणि पुढं लाल शाईत त्यांचं स्वतःचं नाव. बाळ झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी त्यांनी बदल केला होता.

“मीच येणार होतो,” ते म्हणाले. “जेवलो, पडलो, डोळा लागला.”

“मग काल कुणाला सांगितलं का नाही?” मी भजनाच्या दोन ओळींमध्ये विचारलं.

“कुणाला सांगू? यादी माझ्याकडं न्हाय ना आता.”

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. साधं, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले. मला तिथल्या तिथं त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण गळ्यात वीणा होती. “चुकले मी, बाबा,” एवढंच म्हटलं. पुढची ओळ आली होती.

मला वाटलं, ते आता वीणा मागतील. पहारा त्यांचा होता, लाल शाईत लिहिलेला. पण त्यांनी कोपऱ्यातले टाळ घेतले आणि डावीकडच्या खांबाला टेकून बसले. कापऱ्या हातात टाळ जरा जास्तच वाजत होते. चारला पाच मिनिटं असताना त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि जोरात म्हणाले, “विहिरीजवळचं घर, उठा!” मांडवाचे बांबू घेऊन नुकताच परतलेला विहिरीजवळचा माणूस दचकून पाय धुवायला पळाला.

संध्याकाळी, कीर्तनाआधी, मी देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. बाबा शेजारी बसले. काका येऊन माझ्या पायाला हात लावून गेले. दुपारची उधारी, म्हणाले.

“ते शून्य जातं कसं?” बाबांनी विचारलं.

“त्या कोऱ्या चौकोनात कुणाचं तरी नाव लिहिलं की जातं. तुमचं लिहू? लाल शाईत आहेच.”

“माझं हाय की वर, चौथ्या घराला. तुझं लिव.”

“माझं? माझं इथं घर कुठं आहे, बाबा?”

“यादी कोण करतंय?”

“तुम्ही.”

“मंग लिव.”

मी लिहिलं. एंटर दाबलं. पहाऱ्यातलं शून्य गेलं आणि तिथं माझं नाव आलं. बाबांनी चष्मा पुसून पाचही पानं उघडायला लावली. सगळीकडं मी होते. सातव्या दिवसाच्या पहाऱ्याला मी, उद्याच्या पंगतीत वाढायला मी, परवा देऊळ झाडायला मी. आणि आजच्या सकाळचा, वेळेवर कुणी न केलेला चहाही माझ्याच नावावर.

“मान घेतलास, आता झाडू पण घे,” बाबा म्हणाले आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसले.

सप्ता निर्विघ्न पार पडला. सातव्या दिवशीचा पहारा मी केला आणि त्या वेळी काकू ताक न पिता हजर होती, न जाणो तिला वीणा घ्यावी लागलीच तर म्हणून. काल्याच्या दुसऱ्या दिवशी उरणला निघायच्या आधी मी फाइल आवरत होते. पुढच्या वर्षासाठी पंचविसाव्या घराचं नाव परत लिहायचं, माझं पुसायचं, असं मनात धरून बसले होते. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“त्यांचं त्यांच्या जागी लिव. तुझं पुसू नको. खाली नवी ओळ घाल.”

“बाबा, मग घरं एकोणतीस होतात. चौऱ्याऐंशीला एकोणतिसानं भाग जात नाही. तुमची सगळी वाटणी मोडेल. कुणाला तीन येतील, कुणाला दोनच.”

बाबांनी खिशातून लाल पेन काढलं आणि आईला हाक मारली, जुनं कॅलेंडर आण म्हणून.

“मोडू दे,” ते म्हणाले. “नव्यानं बसवू.”